आरएचटी जनुके, गव्हातील

गव्हाच्या काडाची उंची ठरविणारा जनुकांचा समूह. ‘आरएचटी’ हे ‘रिड्यूस्ड हाइट’चे लघुरूप. या मालिकेत वीसहून अधिक जनुकांना क्रमांक मिळाले असले, तरी महत्त्व मुख्यतः ४बी आणि ४डी या गुणसूत्रांवरील दोन जनुकांना आहे. त्यांची उत्परिवर्तित रूपे म्हणजे आरएचटी-बी१बी व आरएचटी-डी१बी; जुन्या ग्रंथांत त्यांना आरएचटी१ व आरएचटी२ म्हटलेले आढळते. यांपैकी एक रूप असले की काड साधारण पाचव्या हिश्शाने आखूड होते आणि खताची मात्रा वाढवली तरी पीक सहसा लोळत नाही.

या जनुकांचा संबंध जिबरेलिन या संप्रेरकाशी आहे. नाशिककडचे द्राक्षबागायतदार ज्याला ‘जीए’ म्हणतात, तेच हे. बुटक्या गव्हात जिबरेलिन कमी असते, ही समजूत चुकीची आहे. ते उंच वाणांपेक्षा जास्तही आढळते. वनस्पती त्याला दाद देत नाही, इतकेच. रोपांवर जिबरेलिन फवारले, तर उंच वाणांची पाने काही दिवसांत लांबुळकी व फिकट होतात. बी१बी असलेली रोपे जवळजवळ जशीच्या तशी राहतात.

बी१, डी१ या मूळ जनुकांना एकत्रितपणे आरएचटी-१ म्हणतात (जुन्या ग्रंथांतील आरएचटी१ वेगळे). त्यांच्यापासून बनणारी प्रथिने ‘डेला’ गटातील असून वाढीला लगाम घालतात. जिबरेलिन जीआयडी१ या ग्राहीला (संप्रेरक ओळखणाऱ्या प्रथिनाला) चिकटले की ती जोडी डेला प्रथिनाचे सुरुवातीचे टोक पकडते, प्रथिनावर यूबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण होते व पेशी ते मोडून टाकते. लगाम सुटला की कांडी लांबतात. ही जनुके कोणती प्रथिने बनवतात, याचा उलगडा इंग्लंडमधील नॉरिच येथील जॉन इनिस केंद्रातील संशोधकांनी सहकाऱ्यांसह १९९९ मध्ये केला. दोन्ही रूपांत डीएनएच्या एकेका अक्षराचा बदल असून त्यामुळे बी१बीमध्ये ६४व्या, तर डी१बीमध्ये ६१व्या स्थानी विराम-संकेत, म्हणजे प्रथिनाची बांधणी थांबवणारा संकेत, येतो. मूळ प्रथिन सुमारे ६२० अमिनो आम्लांचे आहे. येथे एक अडचण उभी राहते. इतक्या लवकर विराम आला तर प्रथिन निकामी व्हावे आणि लगामच नसल्याने झाड उंच व्हावे. प्रत्यक्षात घडते उलट. विरामानंतरच्या एखाद्या मिथिओनीन-संकेतापासून (बांधणी जेथून सुरू होते त्या संकेतापासून) वाचन पुन्हा सुरू होत असावे आणि ग्राहीला पकडता येईल असे टोक नसलेले प्रथिन तयार होत असावे, असा तर्क त्याच वेळी मांडला गेला. असे प्रथिन गव्हात दाखवणे मात्र बराच काळ जमले नव्हते. २०२१ मध्ये ते ओंब्यांत व काडाच्या पेरांत सापडले. दाण्याच्या अल्यूरोन थरात (सालीलगतच्या थरात) सापडले नाही. या रूपांमुळे काड आखूड होते, पण दाण्याची सुप्तावस्था बदलत नाही, याचे स्पष्टीकरण त्यातून मिळू शकते. पुनर्वाचनाचा तर्क आता ग्राह्य धरण्यास हरकत नाही.

दोन्ही रूपे ‘नोरिन १०’ या जपानी वाणातून जगभर गेली. तो गोंजिरो इनाझुका यांनी इवाते प्रांतात तयार केला व १९३५ मध्ये प्रसृत झाला. त्याच्या वंशावळीतील बुटकेपणा ‘दारुमा’ या देशी गव्हाकडून आला, याबद्दल एकमत आहे. दारुमा कोठला, याबद्दल नाही. त्याचे मूळ कोरियातील ठेंगण्या गव्हात असावे, असे काही अभ्यासक मानतात. मात्र अमेरिकन कृषितज्ज्ञ होरेस केप्रन यांनी १८७३च्या सुमारास जपानी शेतात दोन फुटांहून क्वचितच उंच होणाऱ्या गव्हाची नोंद केली आहे. म्हणजे ठेंगणा गहू तेव्हाच जपानी शेतकऱ्यांच्या हाती होता. त्याआधीचा प्रवास अनुमानाचा भाग ठरतो. अमेरिकन कृषिशास्त्रज्ञ सेसिल सॅमन यांनी १९४६ मध्ये नोरिन १०चे बी अमेरिकेत नेले. पुढे ऑर्व्हिल व्होगेल आणि नॉर्मन बोरलॉग या गहू-पैदासकारांमार्फत ते मेक्सिकोत व तेथून भारतात आले.

पाव-चपातीचा गहू षट्गुणित (गुणसूत्रांचे सहा संच असलेला) असल्याने त्यात ए, बी, डी असे तीन जनुकसंच जोडीने असतात. आरएचटी-१च्याही तीन प्रती आहेत आणि तिन्ही अभिव्यक्त होतात, म्हणजे कार्यरत असतात. पैदाशीत मात्र ए-प्रतीचा उपयोग झालेला नाही. अभिव्यक्तीची पातळी किती निर्णायक असते, हे आरएचटी-डी१सीवरून दिसते. त्यात डी१बीच्या अनेक प्रती असल्याने झाड अतिशय ठेंगू होते. बन्सी व खपली गव्हात डी-संच नाही, त्यामुळे त्यांत डी१बीचा प्रश्नच येत नाही.

या बुटकेपणाची किंमत अंकुरणाच्या वेळी मोजावी लागते. कोंबाचे संरक्षक आवरण, म्हणजे कोलिऑप्टाइल, आखूड राहते. बी खोल पडले किंवा वर पेंढ्याचा थर असला की कोंब वर येत नाही. म्हणून जिबरेलिनला झाडाचा प्रतिसाद कायम ठेवणारी बुटकेपणाची जनुके शोधली जातात. आरएचटी१८मध्ये जिबरेलिन निष्क्रिय करणाऱ्या ऑक्सिडेज विकराच्या जनुकाची अभिव्यक्ती वाढलेली असते; येथे मात्र संप्रेरक खरोखरच घटते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने बन्सी गव्हात आरएचटी१४ व आरएचटी१८ यांची ६ए गुणसूत्रावरील जागा निश्चित केली. भाताचे पाचट न जाळता त्यातच पेरता येईल असा गहू, हा त्यामागील एक हेतू आहे.

अन्य संप्रेरकांचे दुवे अलीकडचे आहेत. २०२३ मध्ये चिनी संशोधकांनी आरएचटी-बी१सह शेजारची जनुके वगळलेला गुणसूत्राचा तुकडा वर्णिला. त्यात ब्रासिनोस्टेरॉइड या वाढीच्या संप्रेरकाचा संदेश मंदावून झाड अर्धबुटके राहते व उत्पन्नही वाढते.