मोबाइलवरच्या विज्ञान-चित्रपुस्तकांची पार्श्वभूमी

आपल्याकडे तिसरी ते पाचवीला विज्ञान येतं ते ‘परिसर अभ्यास’ या नावाने. मुंगी, पाऊस, दात, चंद्र सगळं त्यात असतं, पण एकेकाच्या वाट्याला जागा बेताचीच. पानभर रंगीत चित्र आणि खाली दोन ओळी, असं वेगळं पुस्तक काढायचं म्हटलं की छपाईचा खर्च आडवा यायचा. थोड्या प्रती काढाव्यात तर किंमत चढते, जास्त काढाव्यात तर त्या खपायच्या कुठे?

त्यामुळे पाठ्यपुस्तकाबाहेरचं विज्ञान आधी चित्रांपेक्षा हातांनीच जास्त शिकवलं. १९७२ साली मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. करून पाहणं हा त्याचा गाभा, पण वर्ग सहावी ते आठवीचे. पुण्यात टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) इंजिनिअर असलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये तिथे गेले आणि आगकाड्या नि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून आकार बनवू लागले. पुढे पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या, मुलांसाठीच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काम करत असताना त्यांनी खेळण्यांच्या जोडीला पुस्तकंही स्कॅन करून संकेतस्थळावर फुकट ठेवली. मराठीही बरीच. डिजिटल म्हणजे तेव्हा एवढंच: पीडीएफ उतरवा, जमलं तर प्रिंट काढा.

माझ्या मते खरा फरक पडला परवान्याने. ८ सप्टेंबर २०१५ रोजी, साक्षरता दिनी, प्रथम बुक्स या बालपुस्तकांच्या प्रकाशन संस्थेने ‘स्टोरीवीव्हर’ हे मुलांच्या पुस्तकांचं संकेतस्थळ सुरू केलं. तिथली पुस्तकं क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहेत. श्रेय द्या, मग वाचा, छापा, बदला, आपल्या भाषेत आणा. चित्रकाराने चित्र एकदाच काढायचं, मराठी मजकूर त्यावर बसतो. पण बसवणं सोपं नाही. ‘बाष्पीभवन’ हा शब्द अचूक आहे, पण दुसरीतल्या मुलीला ‘दोरीवरचे कपडे वाळले, मग त्यातलं पाणी गेलं कुठे?’ हेच कळतं. अनुवाद करणारे इथेच अडखळतात.

२०१७ मध्ये केंद्राचं ‘दीक्षा’ हे शालेय डिजिटल साहित्याचं व्यासपीठ आलं, बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड दिसू लागले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी हा प्रयोग आधीच केला होता. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाल्यावर तो घरोघरी पोहोचला.

पडद्याला काही गोष्टी छान जमतात. चंद्राच्या कला छापील पानावर एका ओळीत उभ्या असतात. मोबाइलवर मूल बोटाने एकेक रात्र पुढे सरकवतं, मग मागे, पुन्हा पुढे. बी रुजण्याच्या गोष्टीत मात्र पाच पानांत रोप उभं राहतं. वर्गात मटकी भिजवून फडक्यात बांधली की दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं लागतं, आणि पाणी जास्त झालं तर वास मारतो. वास मारणारी मटकी मला अजून एकाही चित्रपुस्तकात दिसलेली नाही.