डिसेक्शन गेलं, मग फील्ड का नाही आलं? थोडी पार्श्वभूमी

बीएस्सीला झूलॉजी-बॉटनी घेतलेली मुलं सध्या फील्ड प्रोजेक्टवरून गोंधळलेली दिसतात, काय करायचं, कुठे जायचं, किती दिवस, कोणालाच नीट माहीत नाही आणि शिक्षकांनाही हे अचानक अंगावर आल्यासारखं वाटतंय. म्हणून डिसेक्शन, म्हणजे प्राणी कापून आतली रचना बघणं, बंद कसं झालं आणि त्या जागी फील्ड, म्हणजे बाहेर जाऊन केलेला अभ्यास, का आलं नाही, हे मागचं थोडं लिहितो. क्रेडिट म्हणजे काय, सेमिस्टर कसं चालतं वगैरे सगळ्यांना ठाऊक आहे, ते सोडून देतो.

फार जुनं थोडक्यात. मुंबईत विद्यापीठ 1857 ला सुरू झालं, पण इथल्या झाडाप्राण्यांचा खरा अभ्यास पुढे बरीच वर्षं वर्गाबाहेरच होत होता. 1883 ला मुंबईतल्या काही हौशी लोकांनी निसर्ग अभ्यासाची संस्था काढली, बॉम्बे प्रेसिडेन्सीतल्या वनस्पतींची मोठी नोंद 1901 ते 1908 या काळात छापून आली आणि अजूनही एखादं झाड ओळखताना अडलं की ती उघडावी लागते. आधी फिरायचं, फांदी आणायची, कागदात दाबून वाळवायची आणि मग नाव शोधायचं. बॉटनीवाल्यांनी ही सवय हर्बेरियमच्या (वाळवलेल्या झाडांच्या नमुन्यांच्या संग्रहाच्या) निमित्ताने बऱ्यापैकी टिकवली. झूलॉजीत मात्र टाइप स्टडी आला, म्हणजे प्रत्येक गटातला एक प्राणी घ्यायचा आणि तो आतून बाहेरून पाठ करायचा. गांडूळ, झुरळ, गोगलगाय, मुशी (छोटा शार्क), बेडूक, सरडा, कबूतर, उंदीर. प्राणी राहतो कुठे, खातो काय, त्याला कोण खातं, हे त्या टाचणात शेवटच्या दोन ओळींत यायचं.

मी शिकलो तेव्हा हे सगळं जोरात होतं. आमच्याकडे मुशी बंदरावरून यायची. लॅब असिस्टंट काका सकाळी टोपलीतून घेऊन यायचे, प्रत्येकाला एक ट्रे, तळाला काळं मेण, टाचण्या, स्काल्पेल, फॉर्मलिनचा वास दोन दिवस हाताला. मुशीची कवटी हाडाची नसते, कूर्चेची असते म्हणून ती सुरीने पातळ पातळ खरवडता येते आणि आतल्या क्रेनियल नर्व्ह्ज, म्हणजे मेंदूतून निघणाऱ्या नसा, उघड्या करता येतात, परीक्षेला पाचवी, सातवी, नववी आणि दहावी हमखास. नर्व्ह सापडली की तिच्याखाली काळ्या कागदाची बारीक पट्टी सरकवायची, म्हणजे एक्स्टर्नलना (बाहेरून आलेल्या परीक्षकांना) पांढरी रेघ लांबूनही दिसते. चौथी तर दोऱ्यासारखी, डोळ्याच्या एकाच स्नायूला जाते, हात जरा हलला की तुटलीच. मला ती पहिल्यांदा अखंड निघाली तो दिवस अजून लक्षात आहे. त्या तीन तासांत हात स्थिर ठेवणं, घाई न करणं, पुस्तकातलं चित्र आणि समोरचं शरीर वेगळं असतं हे कळणं, हे मी शिकलो. हे आधीच सांगतो कारण पुढचं वाचताना माझा कल कुठे आहे ते तुम्हाला माहीत असावं.

आता मुख्य वादाचा, म्हणजे डिसेक्शनबंदीचा निर्णय. बेडकांचा प्रश्न आधीपासून होता. बेडकांच्या तंगड्या परदेशी पाठवण्यावर 1987 मध्ये बंदी आली, कारण शेतातून बेडूक उचलले गेले की किडी वाढतात हे तोपर्यंत बोललं जायला लागलं होतं. 1972 चा वन्यजीव कायदा होता, 1960 चा प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा होता, आणि कॉलेजांना बेडूक-सरडे पुरवणारे लोक ते पाळून नाही तर रानातूनच पकडून आणत होते. राज्यभरातली कॉलेजं, प्रत्येक वर्गाला दर वर्षी इतके इतके प्राणी, हा हिशोब कोणी एकत्र मांडलाच नव्हता. त्यामुळे विरोध करणाऱ्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, उलट या मुद्द्यावर ते पूर्णपणे बरोबर होते असं मला वाटतं.

2011 मध्ये दिल्लीतल्या उच्च शिक्षणाच्या आयोगाने (यूजीसी) पहिली पायरी घातली. पदवीच्या मुलांनी स्वतः डिसेक्शन करायचं नाही, शिक्षकांनी एका प्रजातीचं करून दाखवायचं, एमएस्सीला डिसेक्शन किंवा त्याऐवजी प्रोजेक्ट असा पर्याय. मला हे आजही पटतं. संख्या एकदम खाली आली असती, ज्याला पुढे त्याच विषयात काम करायचंय त्याचा हात बसला असता आणि ज्याला नको त्याला सुटका होती. पण 2014 मध्ये तेही गेलं, शिक्षकांनी नाही, मुलांनी नाही, कुठल्याच प्रजातीचं नाही. वैद्यकीय शिक्षण या निर्णयात नव्हतं, हा झूलॉजी आणि लाइफ सायन्सच्या अभ्यासक्रमापुरता होता.

इथे आमच्या किनाऱ्यावरच्या कॉलेजांमध्ये एक साधा प्रश्न विचारला जात होता. मुशी रानातून पकडलेली नाही, ती जाळ्यात आली, मेली, बाजारात विकायला ठेवली, संध्याकाळी कोणाच्या तरी घरी तिचं कालवण होणार आहे, तर तिचं डोकं लॅबमध्ये उघडलं तर नक्की कोणाचं नुकसान? यावर मला तरी समाधानकारक उत्तर कधी मिळालं नाही. बंदीच्या बाजूचा एक युक्तिवाद मात्र मी मान्य करतो. एकदा अपवाद ठेवला की त्या अपवादातून पुन्हा बेडूक आत येतात, तपासणार कोण? कागदावर एक आणि लॅबमध्ये दुसरं हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. तरीही सरसकट बंदी ही तपासणी जमत नाही म्हणून घेतलेला सोपा मार्ग होता असं माझं मत आहे.

पण खरी खंत वेगळीच. ट्रे उचलला तेव्हा आठवड्याचे कितीतरी तास मोकळे झाले. तेव्हाच म्हणता आलं असतं की चला, प्राणी मारायचे नाहीत ना, मग जिवंत बघायला जाऊ. एक दोरी, चार खुंट्या, मीटरभर बाय मीटरभर चौकोन, एवढ्यात क्वाड्राट, म्हणजे आतली झाडं-किडे मोजायचा चौकोन होतो, खर्च शून्य. त्याऐवजी त्या तासांत आले तक्ते, मॉडेल आणि कॉम्प्युटरवरचं डिसेक्शन. माउसने बेडकाचं पोट उघडायचं, परत मिटवायचं. वाद चालला होता प्राण्याच्या जिवावर आणि हाताच्या कौशल्यावर, त्यात मुलांना बाहेर काढायची मागणी मी तरी कुठल्या मीटिंगमध्ये कोणाच्या तोंडून जोरात ऐकली नाही.

बरं, बाहेर जायचा रस्ता तोपर्यंत कागदावर तयार होता. पर्यावरणाचं शिक्षण सगळ्यांना द्या हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश 1991 चा, त्यावर बरीच वर्षं फारसं काही झालं नाही, 2003 मध्ये पुन्हा कान टोचल्यावर पदवीच्या सगळ्याच शाखांना सहा महिन्यांचा सक्तीचा पेपर आला. आपण त्याला ईव्हीएस म्हणतो. त्याचा मूळ आराखडा बघा, 50 लेक्चर, त्यातली 5 तासांएवढी फील्डवर्कसाठी, जवळची नदी, गवताळ माळ, डोंगरउतार, तळं, परिसरातली साधी झाडं, किडे, पक्षी. 100 मार्कांतले 25 फील्डवर्कचे. माझ्या मते हा आराखडा चांगला होता. प्रत्यक्षात काय झालं ते त्या काळातल्या कुठल्याही मुलाला विचारा, मागच्या वर्षीचा प्रोजेक्ट सायबर कॅफेतून प्रिंट, वर नवीन नाव, स्पायरल बाइंडिंग. मी स्वतः नदीवरचा एक प्रोजेक्ट नदीवर न जाता जमा केलाय आणि त्याला चांगले मार्क पडलेत.

या पेपरमुळे शब्दांचाही घोळ झाला. इकॉलॉजी म्हणजे जीव आणि त्यांची भोवतालची परिस्थिती यांच्यातलं नातं, मोजून तपासायचं शास्त्र, मराठीत कोणी परिस्थितिकी म्हणतं, कोणी पारिस्थितिकी. पण ईव्हीएस आल्यापासून सगळंच 'पर्यावरण' झालं. प्लास्टिकबंदी, वृक्षारोपण, स्वच्छता मोहीम, सगळं एकाच नावाखाली. त्यामुळे टीवायच्या (तिसऱ्या वर्षाच्या) मुलाने इकॉलॉजी घेतली म्हटलं की घरचे समजतात झाडं लावणार. आणि डिपार्टमेंटमध्येही फील्ड म्हणजे सहल, असा अर्थ मुरत गेला.

सहल आणि फील्डमधला फरक मला आंबोलीला कळला. पावसाळ्यात जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, गुडघे टेकून आम्ही चौकोन मोजत होतो, वरून धुकं, वही ओली, पेन चालेना म्हणून पेन्सिल. पाय पसरून उभं राहिलं तर नुसतं गवत दिसत होतं. बसल्यावर त्याच एका मीटरमध्ये गेंदाचे पांढरे गोंडे, जांभळी सीतेची आसवं, दवबिंदू या किडे खाणाऱ्या झाडाची चिकट लाल पानं आणि त्यावर अडकलेला डास. एका चौकोनाला पाऊण तास लागला. याच आंबोलीतला एक छोटा भेक (टोड) 2009 मध्ये शास्त्राला नवा म्हणून नोंदला गेला आणि हिरण्यकेशीच्या देवळाजवळच्या कुंडातला मासा 2020 मध्ये, त्यावरून पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. म्हणजे लोक ज्या पाण्याला वर्षानुवर्षं हात जोडत होते त्यात नाव नसलेला मासा फिरत होता.

2020-21 च्या लॉकडाउनमध्ये तर प्रॅक्टिकलही मोबाइलवर गेलं आणि दोन बॅच मायक्रोस्कोपला हात न लावता वर सरकल्या. त्यानंतर दोन-तीन वर्षांत नवं शैक्षणिक धोरण राज्यात लागू झालं, चार वर्षांची ऑनर्स, मेजर-मायनर (मुख्य आणि जोडीचा विषय), आणि त्यात फील्ड प्रोजेक्ट हा स्वतंत्र, क्रेडिटवाला भाग. म्हणजे डिसेक्शनचा ट्रे उचलल्यावर जी जागा रिकामी राहिली होती तिला आता नाव मिळालंय. फक्त शिकवणारे कोण? आजचे तरुण शिक्षक त्या मधल्या काळातून आलेले, त्यांनी मुशी उघडली नाही आणि क्वाड्राटही टाकला नाही. कायम जागा कितीतरी वर्षं भरल्या नाहीत, तासिका तत्त्वावरच्या माणसाला फक्त घेतलेल्या तासाचे पैसे, मग तो रविवारी पन्नास मुलं घेऊन सड्यावर कुठल्या तासात जाणार? त्यात वनखात्याची परवानगी, पालकांची संमतीपत्रं, बसचं भाडं.

आमच्या ओळखीच्या एका मॅडमनी यंदा यातून वाट काढली. कॉलेजच्या कंपाउंडला लागून पावसाळी डबकं आहे, जून ते ऑक्टोबर, दर शनिवारी दोन तास, पाच-पाच मुलांचे गट, पाण्याचं तापमान, खोली, बेडकांची पिल्लं किती, चतुर किती. पहिल्या शनिवारी मुलांच्या यादीत चार नावं होती. ऑगस्टच्या शेवटी एकतीस.