विंडोज ११ टाकून घेण्याआधी: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून अनेक ग्राहक आमच्याकडे विंडोज ११ टाकून घेत आहेत. कॉम्प्युटर घरी नेल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन येतो, आणि तो बहुधा बिघाडाचा नसतो. "माझे कॉपी-पेस्ट गेले." "स्टार्टमधले चौकोन कुठे गेले?" "एक्सेलच्या चार फायली उघडल्यात, खाली दिसतेय एकच."

फायली जागच्या जागी असतात. रोज न बघता हात जिथे जायचा, ती जागा बदललेली असते. वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने बिले काढणाऱ्या माणसाचे काम यामुळे खरोखर अडते. आम्ही ही तक्रार किरकोळ मानत नाही, म्हणून हे पत्रक.

पाच मिनिटांत परत मिळणाऱ्या गोष्टी

स्टार्टचे बटण मधे सरकलेले दिसेल. खालच्या पट्टीवर राइट क्लिक करून 'टास्कबार सेटिंग्ज'मध्ये जा, 'टास्कबार बिहेविअर्स' उघडा आणि अलाइनमेंट 'लेफ्ट' करा. तिथेच खाली बटणे एकत्र करण्याचा पर्याय आहे, तो 'नेव्हर' ठेवा. मग उघडलेली प्रत्येक फाइल आपल्या नावासह पट्टीवर वेगळी दिसते. ही सोय २०२१ च्या पहिल्या विंडोज ११ मध्ये नव्हती, लोकांनी खूप मागणी केल्यावर २०२३ मध्ये परत आली. त्यामुळे कोणी जुनी आवृत्ती टाकून दिली असेल तर आधी अपडेट करून घ्या.

कॉपी-पेस्टही गेलेले नाही. फाइलवर राइट क्लिक केल्यावर मेनूच्या कडेला लहान चित्रे दिसतात, कात्रीचे चित्र म्हणजे कट. नव्या आवृत्तीत चित्रांखाली नावेही आहेत. पूर्वीचा लांबलचक मेनू हवा असेल तर शिफ्ट दाबून राइट क्लिक करा. विनझिप किंवा अँटिव्हायरसचा जो पर्याय "दिसेनासा झाला" म्हणतात, तो अनेकदा तिथेच असतो.

परत न मिळणाऱ्या गोष्टी

स्टार्ट मेनूतले हलते चौकोन कायमचे गेले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तुम्ही तिथे गट करून लावलेले प्रोग्रॅम अपग्रेडमध्ये नव्या स्टार्टवर येत नाहीत. प्रोग्रॅम कॉम्प्युटरमध्ये असतात, मांडणी मात्र नव्याने करावी लागते. कॉम्प्युटर आमच्याकडे आणण्याआधी स्टार्ट मेनूचा आणि डेस्कटॉपचा मोबाइलवर फोटो काढा. तो समोर असला की आम्ही शक्य तितकी तशीच मांडणी करून देतो.

पट्टी वर किंवा बाजूला लावण्याची सोय विंडोज ११ आले तेव्हाच काढली गेली. पट्टीवर स्वतःचे टूलबार लावणारे ग्राहकही आहेत, त्यांनाही ते सोडावे लागतील. जुने रूप परत आणणारे बाहेरचे प्रोग्रॅम मिळतात. घरच्या कॉम्प्युटरवर हौसेने वापरायला हरकत नाही, पण विंडोजच्या एखाद्या अपडेटने ते बिघडू शकतात. पतसंस्थेच्या किंवा दुकानाच्या काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर आम्ही ते टाकत नाही.

मराठी टायपिंग आणि जुने डॉस प्रोग्रॅम

इथे मात्र नुकसान मोठे होऊ शकते. श्री-लिपी किंवा डीव्हीबी-टीटी योगेश अशा जुन्या, युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये केलेल्या पत्रिका, अर्ज, ठराव त्या फॉन्टशिवाय उघडले तर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. चालू विंडोजवरच अपग्रेड केले तर फॉन्ट राहतात, फॉरमॅट करून नवे विंडोज टाकले तर जातात. फॉरमॅट करायचे असेल तर आधी फॉन्टची प्रत काढलीच पाहिजे. त्या सॉफ्टवेअरची सीडी किंवा डोंगलही (सॉफ्टवेअर चालण्यासाठी कॉम्प्युटरला लावायची छोटी किल्ली) सोबत आणा. रोमन अक्षरांवरून मराठी लिहिणाऱ्यांसाठी 'मराठी फोनेटिक' कीबोर्ड विंडोजमध्येच आहे. तो भाषेच्या सेटिंगमध्ये जोडला की विंडोज आणि स्पेस ही दोन बटणे दाबून भाषा बदलते.

काही दुकानांत आणि संस्थांत डॉसवरचे (विंडोजच्या आधीच्या प्रणालीसाठी बनवलेले) हिशेबाचे प्रोग्रॅम अजून चालतात, तेही ३२ बिट, म्हणजे जुन्या प्रकारच्या विंडोजवर. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते आणि त्यावर डॉस प्रोग्रॅम थेट चालत नाहीत. शिवाय ३२ बिटवरून सरळ अपग्रेड होत नाही, सगळे नव्याने टाकावे लागते. अशा ग्राहकांना आमचा आग्रह आहे की तो जुना कॉम्प्युटर मोडीत काढू नका. त्याचे इंटरनेट बंद करा, हिशेबाचा बॅकअप घ्या आणि नव्या कामासाठी वेगळा कॉम्प्युटर ठेवा.

दहा दिवसांची मुदत

अपग्रेडनंतर १० दिवस जुन्या विंडोजवर परत जाता येते. मार्ग असा: सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, 'गो बॅक'. फायली राहतात, मधल्या काळात टाकलेले प्रोग्रॅम मात्र जातात. मुदतीनंतर ही सोय संपते. म्हणून या दहा दिवसांत महिन्याभराची सगळी कामे एकदा करून पाहा: बिल छापा, पासबुक प्रिंटर चालवा, डिजिटल सही लावून जीएसटी विवरणपत्रापर्यंत जाऊन या. स्कॅनर विसरू नका, जुन्या स्कॅनरला नवे ड्रायव्हर (तो चालवणारे छोटे प्रोग्रॅम) मिळतीलच असे नाही. मार्चअखेरच्या गडबडीत अपग्रेड करू नका, तेव्हा चाचणीला वेळच नसतो.

कॉम्प्युटर आणताना तो रोज वापरणाऱ्या व्यक्तीला सोबत आणा. मालकांना सहसा किंमत माहीत असते, पण कोणते बटण कुठे हवे हे काउंटरवर बसणाऱ्यालाच माहीत असते. त्यांच्यासमोर बसून मांडणी करायला आम्ही अर्धा तास राखून ठेवतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.