बंबावरचा कागद

आईच्या सदाशिव पेठेतल्या घरी गॅलरीच्या कोपऱ्यात तांब्याचा बंब आहे. गीझर आल्यापासून त्यात पाणी तापलेलं नाही. हल्ली त्याच्या डोक्यावर तुळशीची कुंडी असते. मे महिन्यात भाची सुट्टीला आली. नाण्यावर कागद ठेवून शिसपेन्सिल घासायचा खेळ तिने दोन दिवसांत संपवला आणि मोर्चा बंबाकडे वळवला. कागद गुंडाळला, मेणखडू आडवा धरून घासला, आणि कागदावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी उगवली. आम्ही त्या बंबाकडे तीस वर्षं बघत होतो. ही जाळी अशी कुणालाच दिसली नव्हती.

जाळी होती मठारकामाची. कसबा पेठेतल्या तांबट आळीत आजही हा ठोकठोक आवाज ऐकू येतो. हातोडीचा प्रत्येक ठोका पत्र्यावर एक छोटासा पैलू बसवतो आणि घाव सोसून तांबं कडक होतं. दोन पैलू भेटतात तिथे किंचित उंच कड राहते. आडवा धरलेला खडू या कडेवरून त्या कडेवर जातो. तिथे कागद खाली दबत नाही, म्हणून रंग उतरतो. पैलूचा मधला भाग हुकतो. चकचकीत तांब्यावर डोळा उजेड बघतो, उंची नाही. कागदाला उजेडाशी देणंघेणं नसतं. कुठे किती दाब बसला एवढंच तो नोंदवतो, त्यामुळे असा छाप मला चित्रापेक्षा वजनकाट्याचा भाऊबंद वाटतो.

पेन्सिल घेतली तरी हिशोब तोच. ‘शिसपेन्सिल’ म्हणतो खरं, पण तिच्यात शिसं औषधालाही नसतं. असतं ते ग्राफाइट आणि चिकणमाती. ग्राफाइट म्हणजे कार्बनचे एकावर एक रचलेले थर. थराच्या आत अणू घट्ट बांधलेले, पण थराथरांमधली पकड सैल, त्यामुळे जिथे दाब आणि घर्षण जास्त तिथे थर सुटून कागदाला चिकटतात.

बंब जमल्यावर स्वारी घागरीकडे वळली आणि तिथे फसली. कागदाला चुण्या पडल्या, छापावर काळे फराटे उठले. दोष तिच्या हाताचा नव्हता. बंब एकाच दिशेने वळलेला असतो, घागरीचं पोट दोन्ही दिशांनी फुगलेलं. सपाट कागद पहिल्यावर नीट बसतो, दुसऱ्यावर चुणी पडल्याशिवाय किंवा ताणल्याशिवाय बसूच शकत नाही, हे जर्मन गणिती गाऊसने १८२७ साली मांडलेल्या सिद्धांतातून निघतं. मोदक वळणाऱ्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही. सपाट पारीचा गोल मोदक करायचा तर कळ्या पाडाव्याच लागतात. पारी निदान थोडी ताणली तरी जाते, कागद तेवढंही ऐकत नाही.

खरी गंमत कागदाच्या जाडीत आहे. झेरॉक्सचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. कागदाचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे तशाच पण निम्म्या जाडीच्या कागदाचा ताठपणा निम्मा नाही, एक अष्टमांश. म्हणून पतंगाचा कागद बारीकसारीक ओरखडासुद्धा टिपतो. खाचेच्या रुंदीचा हिशोब याहून कडक. तितक्याच दाबाखाली, दुप्पट रुंद खाचेवर कागद जवळजवळ सोळापट खाली झुकतो. त्यामुळे अरुंद रेघ पांढरी राहते, पण रुंद अक्षरात कागद तळाला टेकतो आणि मधोमध काळं होतं. पेन्सिलीचं टोक तर त्याला मुद्दाम खड्ड्यात ढकलतं, म्हणून खडू आडवाच धरायचा.

शिलालेखाचा ठसा घेणारे यावर शहाणा उपाय करतात. दगड धुऊन ओला कागद लावतात आणि ब्रशने ठोकून अक्षरांच्या खाचांत बसवतात. कापसाप्रमाणे कागदही सेल्युलोजचा. पाण्याने तंतूंमधले बंध सैल होतात आणि वाळताना नव्या आकारात पुन्हा जुळतात. इस्त्रीवाला सुती सदऱ्यावर पाणी शिंपडतो ते याचसाठी. कागद वाळत आला की त्यावर शाईची पुरचुंडी हलके टेकवतात. काळ्यावर पांढरी अक्षरं उमटतात, तीही सुलटी, कारण शाई दगडाला नाही, कागदाच्या वरच्या बाजूला लागते. (पुण्यातल्या पाताळेश्वर लेण्याचे खांब हाताशी आहेत म्हणून तिथे हा प्रयोग करू नका. ती संरक्षित वास्तू आहे.)

आपल्याकडे अडचण दगडाची. सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, लाव्हा थिजून झाला. त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांची भोकं ठिकठिकाणी राहिली. ठशात असं भोक पांढरा ठिपका म्हणून उमटतं, आणि ब्राह्मी लिपीत अनुस्वार म्हणजेही ठिपकाच. नाणेघाटातल्या सातवाहन लेखासारखं काही वाचताना हा ठिपका कोरणाऱ्याचा की ज्वालामुखीचा, हे ठरवणं हेच अर्धं काम.

चित्रकारांनी याच छापाची कला केली. माक्स अर्न्स्टने स्वतः लिहून ठेवलंय, की १० ऑगस्ट १९२५ रोजी फ्रान्समध्ये समुद्रकाठच्या एका खाणावळीत घासून घासून झिजलेल्या लाकडी जमिनीने त्याची नजर धरून ठेवली; मग त्याने फळ्यांवर कागद टाकून घासायला घेतलं. रेघा उठून आल्या त्या त्या घासण्यामुळेच. खोडाच्या दर वर्षीच्या वाढीत एक पट्टा मऊ आणि एक टणक असतो. मऊ आधी झिजतो, टणक उंच राहतो. आईचा जुना पाट हेच दाखवतो.

भाचीने शेवटी कुंडी खाली ठेवून बंबाच्या झाकणाचा छाप घेतला. भांडं भेट देणाऱ्याचं नाव त्यावर ठिपक्याठिपक्यांनी घातलंय, पण पुढची अक्षरं डाग देताना, म्हणजे झाळून सांधताना, गेली. उरलाय फक्त ‘सौ. इ’ आणि डोक्यावर एक ठिपका. अनुस्वार असेल तर बंब इंदूमावशीचा, नसेल तर इरावतीकाकूचा. यावरून घरात दोन तट आहेत. पतंगाच्या कागदावर अक्षरांच्या प्रत्येक ठिपक्याभोवती बारीक काळं कडं आलं, कारण पोगर, म्हणजे नाव घालायची टोकदार छिन्नी, ठोकला की बाजूची धातू वर उचलली जाते. त्या वरच्या ठिपक्याभोवती कडं नाही. आईने छाप उजेडात धरून पाहिला आणि म्हणाली, ‘‘कागद हलला असेल. परत काढ.’’