रिफर्बिश्ड घेताना पैसे कुठे वाचतात, कुठे बुडतात

आम्ही रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेले पण तपासून-दुरुस्त केलेले लॅपटॉप आणि फोन विकतो. दुकानात आल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "किती जुना आहे?" विचारा जरूर, पण त्याच्या जोडीला "अजून किती वर्षं चालेल?" हेही विचारा. समजा, 14,000 रुपयांचा लॅपटॉप वर्षभरात बदलावा लागला आणि 24,000 चा चार वर्षं चालला. मग दुसरा वर्षाला 6,000 लाच पडला. आम्ही किंमत सांगतो ती याच हिशेबाने, आणि घासाघीसही याच हिशेबाने केलीत तर आमची हरकत नाही.

माल येतो कुठून?

आमच्याकडचे बरेचसे लॅपटॉप पुण्यातल्या हिंजवडी, खराडी, मगरपट्टा या भागांतल्या कंपन्यांमध्ये वापरलेले असतात. कंपन्या ते तीन-चार वर्षांच्या लीजवर घेतात आणि मुदत संपली की सगळा लॉट एकदम बाहेर पडतो. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक ही त्यातली नेहमीची नावं. नवे असताना हे लॅपटॉप घरगुती लॅपटॉपपेक्षा बरेच महाग असतात, कारण ते रोज आठ-दहा तास वापरायला आणि बिघडले तर दुरुस्त करायला बनवलेले असतात. 2018 चा थिंकपॅड टी480 बघा. रॅमचे दोन स्लॉट आणि दोन बॅटऱ्या, एक आत आणि एक मागे. मागची बॅटरी खटके सरकवले की हातात येते. तेवढ्याच पैशात मिळणाऱ्या नव्या लॅपटॉपमध्ये रॅम पुष्कळदा बोर्डवरच सोल्डर केलेली असते, म्हणजे पुढे वाढवायची सोय नाही. अर्थात टी480 चा कॅमेरा यथातथाच आहे आणि वजन पाठीवर जाणवतं. दिवसभर व्हिडिओ मीटिंग असतील तर वेगळा वेबकॅम लावा.

एक आकडा मात्र स्वतः वाचायला शिका. इंटेल प्रोसेसरच्या नावात रेघेनंतर पिढी लिहिलेली असते. आय5-8350यू म्हणजे आठवी पिढी, आय5-7300यू म्हणजे सातवी, आय5-10310यू म्हणजे दहावी. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि विंडोज 11 च्या अधिकृत यादीत आठव्या पिढीच्या खालचे इंटेल प्रोसेसर एखाददुसरा अपवाद सोडला तर नाहीत. "आय7, 16 जीबी रॅम, एकदम स्वस्त" अशी पाटी दिसली की आधी पिढी विचारा. सहाव्या-सातव्या पिढीवर जुगाड करून विंडोज 11 टाकून देणारे आहेत, पण पुढच्या अपडेटची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. लिनक्स चालवणार असाल तर सातवी पिढीही खुशाल घ्या, आम्ही ती त्याच कामासाठी आणि त्याच भावात विकतो.

बॅटरीची तब्येत

"बॅटरी ओके" या शब्दांना काही अर्थ नाही. विंडोजमधूनच बॅटरीचा रिपोर्ट निघतो. त्यात मूळ क्षमता आणि आज फुल चार्जला भरणारी क्षमता असे दोन आकडे असतात. मूळ 24,000 आणि आज 15,600 असेल तर उरली 65 टक्के. हा रिपोर्ट आम्ही छापून बिलाला जोडतो. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला किंवा क्लिक जड लागला तर खालची बॅटरी फुगलेली असू शकते, तो लॅपटॉप कुठल्याही दुकानात कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

लॅपटॉप सुरू होताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधीच्या मूळ सेटिंगमध्ये, जाता येतं का तेही बघा. कंपनीचा पासवर्ड तसाच राहिलेला असेल, तर डिस्क फॉरमॅट करूनही तो जात नाही.

फोन घेताना

स्टार-हॅश-06-हॅश डायल केलं की आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, दिसतो. दोन सिमचा फोन असेल तर दोन नंबर. इंग्रजीत केवायएम, मग एक जागा सोडून आयएमईआय असा एसएमएस 14422 वर पाठवा. दूरसंचार विभागाच्या नोंदीत फोन ब्लॉक असेल तर तिथेच कळतं. चोरीचा फोन गळ्यात पडू नये यासाठी हे आमच्या काउंटरवरही करा, आम्हाला राग येणार नाही.

आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथे मॉडेल नंबर असतो. पहिलं अक्षर एम असेल तर फोन नवा विकला गेलेला, एफ असेल तर ॲपलनेच रिफर्बिश केलेला, एन असेल तर बदली म्हणून दिलेला. बदललेले भागही तिथेच दिसतात, पण सगळ्या मॉडेलवर सगळे नाही. पडदा बदललाय अशी शंका असेल तर पूर्ण काळं चित्र लावून अंधारात बघा. ओएलईडी पडदा काळाकुट्ट राहतो, स्वस्तातला एलसीडी बसवलेला असेल तर राखाडी उजेड दिसतो.

अपडेटची वर्षं इथेही मोजा. गॅलेक्सी एस24 ला सॅमसंगने सात वर्षांचं आश्वासन दिलं आहे आणि तो आला जानेवारी 2024 मध्ये. उलट आयफोन एक्सआर आणि एक्सएस यांना आयओएस 26 मिळालंच नाही. बाहेरून चकाचक असले तरी आम्ही ते आता ठेवत नाही.

आणि एकदा उघडलेला फोन वॉटरप्रूफ समजू नका. पावसात प्लॅस्टिकच्या पिशवीतच ठेवा.

ग्रेड, बिल आणि वॉरंटी

ए, बी, सी हे ग्रेड फक्त दिसण्याचे आहेत. झाकणावर ओरखडे असलेला बी ग्रेड आतून ए ग्रेडइतकाच धडधाकट असतो, आणि कव्हर लावणारच असाल तर ए साठी जास्त पैसे कशाला? इअरबड्स आणि पॉवर बँक आम्ही रिफर्बिश्ड विकत नाही, तुम्हीही घेऊ नका.

लॅपटॉपवर सहा महिने आणि बॅटरीवर तीन महिने वॉरंटी आमची, कंपनीची नव्हे. पडदा फुटणं आणि पाणी जाणं त्यात येत नाही. सात दिवसांत न पटल्यास परत आणा. जुन्या मालावर आम्ही जीएसटी मार्जिनवर, म्हणजे खरेदी-विक्रीतल्या फरकावर, भरतो, त्यामुळे बिलात कर वेगळा दिसत नाही. व्यवसायासाठी इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवरचा कर वळता करून घेण्याची सोय, हवं असेल तर आधीच सांगा.

जुना फोन एक्स्चेंजला आणताना घरूनच बॅकअप घ्या, मग गूगल किंवा ॲपलच्या खात्यातून लॉगआउट करून रीसेट मारा. खात्याचा पासवर्ड आठवत नसेल तर फोनवरचं खात्याचं लॉक आम्हालाही काढता येत नाही आणि फोनचा भाव निम्म्याहून खाली येतो. मूळ बिल किंवा बॉक्स, आणि आधार कार्ड सोबत ठेवा.