ब्रिटिश लष्करी गस्ती गाड्यांची स्केल मॉडेल्स

ब्रिटिश लष्कराच्या आडरानातून फिरणाऱ्या गस्ती गाड्यांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती बनवणे, ही स्केल मॉडेलिंगमधली लहान पण चिवट शाखा आहे. इराक (2003–09) आणि अफगाणिस्तानातला हेल्मंड प्रांत (2006–14) या दोन मोहिमांतल्या गाड्या हा तिचा मुख्य विषय. लँड रोव्हरवर उभारलेली डब्ल्यूएमआयके ('वेपन्स माउंट इन्स्टॉलेशन किट'), तिची बंदिस्त बहीण स्नॅच, सुपाकॅट कंपनीच्या जॅकल व कायोटी आणि नंतरची फॉक्सहाउंड ही नावे या छंदात सतत कानावर येतात. रणगाड्याचे मॉडेल करणारा झाकण लावून मोकळा होतो, कारण आतले कोणाला दिसत नाही. डब्ल्यूएमआयके किंवा जॅकलला झाकणच नाही. सीट, गिअरचा दांडा, दारूगोळ्याचे डबे, पाण्याचे कॅन, पाठपिशव्या असा सगळा संसार उघड्यावर. हे सामान आणि गाडीवरचे बदल दर मोहिमेगणिक, कधीकधी दर तुकडीगणिक वेगळे असत. त्यामुळे गाडी कोणत्या वर्षातली आणि कुठली, हे आधी ठरवावे लागते. किटचे खोके त्यानंतर उघडायचे.

मूळ गाड्या

उघड्या लँड रोव्हरवर बंदुका आणि पंधरवड्याची रसद लादून वाळवंटात शिरण्याची ब्रिटिश रीत जुनी आहे. 1968 मध्ये एसएएस या विशेष दलासाठी 72 सिरीज टू-ए लँड रोव्हर खास बदल करून घेतल्या गेल्या. वाळवंटातल्या धुरकट प्रकाशात मिसळून जावा म्हणून त्यांना गुलाबी रंग दिला, आणि गाडीचे नाव 'पिंक पँथर' पडले. तामिया या जपानी कंपनीने 1970 च्या दशकात तिचे 1:35 किट, म्हणजे मूळ गाडीच्या पस्तिसाव्या भागाइतके, काढले. ते आजही अधूनमधून बाजारात येते. या विषयाकडे वळलेल्या अनेक ज्येष्ठ मॉडेलरांचे पहिले किट हेच.

1990 च्या दशकाच्या अखेरीस लष्करात आलेल्या लँड रोव्हर डिफेंडरला 'वुल्फ' म्हणतात. साधी नागरी डिफेंडर समजून तिचे मॉडेल करू नये. तिची चौकट, अॅक्सल आणि चाके बरीच दणकट आहेत. वुल्फवर रिकार्डो या अभियांत्रिकी कंपनीने नळ्यांचा पिंजरा आणि बंदुकीचे फिरते कडे बसवले, तीच डब्ल्यूएमआयके. बोलताना सैनिक आणि मॉडेलर दोघेही 'विमिक' म्हणतात. मागच्या कड्यावर 12.7 मिमीची जड मशिनगन, 40 मिमीचा ग्रेनेड लाँचर किंवा मिलान हे रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र, आणि पुढे कमांडरसमोर 7.62 मिमीची मशिनगन अशी मांडणी असे. स्टीअरिंग उजवीकडे, म्हणून कमांडर डावीकडे बसतो. आपल्या वाचकाला यात नवल नाही, पण डाव्या स्टीअरिंगची सवय असलेले युरोपीय मॉडेलर इथे हमखास गोंधळतात. जाता जाता एक नोंद: डब्ल्यूएमआयके हेल्मंडमध्ये धूळ खात असतानाच, 2008 मध्ये, लँड रोव्हर ही कंपनी टाटा मोटर्सच्या मालकीची झाली.

लँड रोव्हरवर जितके चिलखत चढवाल तितकी ती मंदावते, हे हेल्मंडमध्ये लवकर लक्षात आले. त्यातून जॅकल आली. सुपाकॅटच्या एचएमटी 400 या चौचाकी सांगाड्यावरची ही गाडी 2007 मध्ये मागवली गेली आणि 2008 मध्ये मैदानात उतरली. रस्त्यावर ताशी सुमारे 130 किमी, आडरानात ताशी 80 किमीच्या आसपास वेग, आणि हवेच्या दाबावर खालीवर होणारे सस्पेन्शन ही तिची वैशिष्ट्ये. 2009 च्या जॅकल 2 मध्ये बंदुकीचे कडे पुढे सरकले, चौथ्या माणसाची सोय झाली आणि 5.9 लिटरच्या जागी 6.7 लिटरचे इंजिन आले. इंजिन मॉडेलमध्ये दिसत नाही, कड्याची जागा मात्र लांबूनही दिसते. जॅकल 1 की 2 हा प्रश्न तिथेच सुटतो. कायोटी ही याच घराण्यातली सहाचाकी, मालवाहू गाडी.

स्नॅचची गोष्ट वेगळी आणि कडू आहे. 1992 मध्ये उत्तर आयर्लंडच्या रस्त्यांवरचे दगड आणि गोळ्या झेलण्यासाठी आलेली ही बंदिस्त लँड रोव्हर पुढे इराकमध्ये सुरुंगांसमोर उभी केली गेली. तिच्यात झालेल्या मृत्यूंवरून ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षे वाद झाला, इराक युद्धाच्या चौकशीच्या 2016 च्या चिलकॉट अहवालातही तो आला. तिची जागा घ्यायला व्ही आकाराच्या तळाची फॉक्सहाउंड 2012 मध्ये अफगाणिस्तानात पोहोचली. मॉडेल म्हणून स्नॅच सोपी आहे: चार भिंती, एक छप्पर आणि वर झडप. पण प्रदर्शनात तिच्यासमोर थांबणारा माणूस अनेकदा माजी सैनिक असतो, आणि तो छपराच्या झडपेकडे आधी बघतो.

मापे आणि किट

या विषयात दोन मापांची ओढाताण आहे. चिलखती वाहनांच्या मॉडेलिंगचे रूढ माप 1:35. ते काही गणिती विचाराने ठरलेले नाही. तामियाने 1961 मध्ये पँथर रणगाड्याचे किट काढले तेव्हा आत मोटर आणि बॅटरी मावतील असा आकार घेतला, आणि तोच पुढे रुळला. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीने मात्र अफगाणिस्तान मोहिमेवरची आपली मालिका 1:48 मध्ये काढली. हे विमाने आणि हेलिकॉप्टरांचे लोकप्रिय माप, त्यामुळे जॅकलशेजारी हेलिकॉप्टर उतरवता येते. जॅकल, कायोटी, स्नॅच व डब्ल्यूएमआयकेची जोडी, सैनिकांच्या आकृत्या असा बराच पसारा या मालिकेत आला. तोटा असा, की 1:35 साठी बाजारात ढिगाने मिळणारे कॅन, पिशव्या आणि बंदुका इथे चालत नाहीत. सुमारे 5.4 मीटर लांबीची जॅकल 1:35 मध्ये साधारण 15 सेंटिमीटरची होते, 1:48 मध्ये 11 सेंटिमीटरची. फरक चार बोटांचाही नाही, पण सामान करायला बसले की तो जाणवतो.

1:35 मध्ये चिनी हॉबीबॉसने डब्ल्यूएमआयकेचे, मिलान बसवलेल्या प्रकारासह, आणि जॅकल 1 चे किट दिले. मेंग कंपनीचे हस्की या चिलखती गाडीचे किटही याच गटात मोडते. त्याआधी पर्याय होता तो स्कॉटलंडच्या अॅक्युरेट आर्मरसारख्या छोट्या उत्पादकांच्या रेझिन किटांचा. ती महाग आणि जड असतात, कातून जुळवावी लागतात, पण तपशिलात अजूनही प्लॅस्टिकला भारी पडतात. 1:76 आणि 1:72 या लहान मापांत मुख्यतः युद्धखेळ आणि रेल्वे मॉडेलवाल्यांची गरज भागते.

भारताशी या विषयाचा एक धागा थेट आहे. 2010 च्या दशकाच्या सुरुवातीला एअरफिक्सच्या अनेक किटांचे प्लॅस्टिक भारतात ओतले जाई, आणि खोक्यावर 'मेड इन इंडिया' छापलेले असे. पुढे मालक कंपनी हॉर्नबीने त्यातले बरेचसे काम ब्रिटनला परत नेले. गंमत अशी, की इथल्या हौशी माणसाला मात्र ते किट बहुधा परदेशातूनच मागवावे लागे.

बांधणी

नेहमीच्या रीतीने आधी बॉडी आणि मग आतले सामान असे इथे जमत नाही. पिंजऱ्याच्या नळ्या बसल्या की सीटपर्यंत ब्रश पोहोचत नाही. म्हणून चौकट, तळ, सीट आणि पिंजरा वेगवेगळे रंगवून, मळवून, शेवटी एकत्र आणतात. पिंजऱ्यावर साच्याची शिवण राहिली असेल तर ती बारीक पॉलिश पेपरने गोल घासावी लागते. सपाट घासली तर नळीचा काप चपटा होतो आणि पिंजरा पत्र्याचा वाटू लागतो.

बंदूक हा डोळ्यांत पहिला भरणारा भाग. 12.7 मिमीच्या नळीचे तोंड 1:35 मध्ये जेमतेम 0.36 मिमी व्यासाचे होते. प्लॅस्टिकमध्ये ते बंदच येते, म्हणून लेथवर कातलेली पितळी नळी वेगळी विकत घेतात. कड्यावर बंदूक सैल ठेवावी की चिकटवावी यावर मतभेद आहेत. चिकटवलेली बरी, सैल बंदूक प्रवासात मोडते.

सामानावर सर्वाधिक वेळ जातो आणि तो तसाच जायला हवा. पाठपिशव्या इपॉक्सी पुट्टीच्या करतात, पुट्टी अर्धवट घट्ट झाल्यावर टूथपिकने तिच्यावर शिवणी आणि सुरकुत्या ओढतात. छलावरणाच्या जाळीसाठी औषधाच्या दुकानातले गॉज बँडेज पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून गुंडाळतात. 25 मिमी रुंदीचा खरा पट्टा 1:48 मध्ये अर्ध्या मिलिमीटरचा होतो. तो मास्किंग टेपमधून नव्या ब्लेडने कापतात, आणि टोक मोकळे लोंबते ठेवतात. अँटेना स्प्रूची असते: किटची उरलेली प्लॅस्टिकची काडी मेणबत्तीजवळ धरायची, मऊ पडली की दोन्हीकडून ओढायची. सुरुंगांचे रेडिओ संकेत अडवणाऱ्या जॅमरच्या अँटेना गाडीच्या कोपऱ्यांवर दिसतात. त्यांची मांडणी फोटो पाहूनच करावी लागते. वजन दिसायला हवे हे अनेक जण विसरतात. इतके सामान लादलेल्या लँड रोव्हरचे मागचे स्प्रिंग दबलेले असते, टायरचा तळ किंचित चपटा असतो. ताठ उभी गाडी म्हणजे शोरूममधली गाडी. जॅकल मात्र हवेच्या सस्पेन्शनमुळे उंच किंवा बसकी, दोन्ही दाखवता येते. किट एकच उंची देते, बाकी आपण कापून करायचे.

रंग, धूळ, माणसे

वाळवंटी ब्रिटिश गाड्यांचा रंग म्हणजे ब्रिटिश मानक 381सी मधला क्रमांक 361, 'लाइट स्टोन'. फिकट पिवळसर, कंटाळवाणा रंग. खरी अडचण पुढे आहे: हेल्मंडची पिठासारखी धूळही जवळपास त्याच छटेची. वाळूरंगी गाडीवर वाळूरंगी धूळ टाकली की काहीच दिसत नाही, आणि नवशिका मग आणखी टाकत जातो. अनुभवी मॉडेलर मूळ रंग जरा उबदार आणि गडद ठेवतो, धूळ त्याहून फिकट व राखाडी घेतो, आणि ती फक्त खालच्या अंगाला, पायदानांवर, चाकांमागे साचवतो. जिथे माणसांचे बूट आणि हात लागतात तिथे धूळ पुसलेली असते.

रंग उडालेला दाखवायचा तर गाडीचा इतिहास माहीत हवा. वुल्फ लँड रोव्हर मुळात हिरव्या-काळ्या होत्या, वाळवंटात जाताना त्यांवर वाळूरंग चढला. म्हणून कडांवर खालचा हिरवा, मानक क्रमांक 285 चा, डोकावतो. जॅकल वाळवंटासाठीच मागवलेली. तिच्या कडांवर हिरवे टवके मारणे ही स्पर्धांत वारंवार दिसणारी चूक आहे.

सैनिकांच्या आकृत्यांत तारखेचा प्रश्न सर्वांत बोचतो. इराकच्या पहिल्या चढाईत वाळवंटी गणवेश सर्वांना पुरले नव्हते, त्यामुळे 2003 च्या डब्ल्यूएमआयकेवर हिरव्या छलावरणातला सैनिक चूक ठरत नाही. ऑस्प्रे चिलखती जाकीट 2006 पासूनचे. बहुरंगी एमटीपी गणवेश 2010 पासूनचा. 2008 च्या जॅकलवर एमटीपी घातलेला गनर बसवला तर बाकी काम कितीही सफाईदार असले तरी जाणकार तिथेच थांबतो. नंबरप्लेट हा दुसरा उपयोगी पुरावा. दोन अक्षरे, दोन आकडे, पुन्हा दोन अक्षरे अशी ब्रिटिश लष्करी प्लेट फोटोत वाचता आली, तर एकाच गाडीचे वेगवेगळ्या काळातले फोटो शोधून जुळवता येतात. ब्रिटिश संरक्षण खात्याने या मोहिमांचे भरपूर फोटो प्रसिद्ध केले आहेत, ही या शाखेची मोठी सोय.

संस्था आणि आजची स्थिती

ब्रिटनमध्ये 1963 मध्ये स्थापन झालेली इंटरनॅशनल प्लॅस्टिक मॉडेलर्स सोसायटी आणि केवळ चिलखती वाहनांना वाहिलेली, 1965 ची मिनिएचर आर्मर्ड फायटिंग व्हेइकल असोसिएशन या दोन संस्था या छंदाचा कणा आहेत. टेलफर्ड येथे दर नोव्हेंबरला भरणाऱ्या प्रदर्शनात गस्ती गाड्यांची टेबले विमानांच्या तुलनेत कमीच, पण त्यांच्याभोवती प्रश्न जास्त विचारले जातात.

मोठ्या कंपन्यांचा या विषयातला उत्साह अफगाणिस्तान मोहिमेबरोबर ओसरला. गाड्या मात्र थांबल्या नाहीत: 2020 ते 2022 या काळात जॅकल मालीमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर होत्या, आणि 2023 मध्ये जॅकल 3 च्या 70 गाड्या मागवल्याचे जाहीर झाले. हे बदल टिपण्याचे काम आता घरगुती थ्रीडी प्रिंटरवर सरकले आहे. नवे कडे, नव्या सीट, एखादा रेडिओचा खण असे सुटे भाग छापून ते जुन्या जॅकल 1 च्या किटमध्ये बसवले जातात. छपाईच्या थरांच्या बारीक रेघा प्रायमर मारण्याआधी घासून काढाव्या लागतात, नाहीतर वॉश, म्हणजे खाचांत उतरवायचा पातळ गडद रंग, नेमका त्यांतच उतरतो.