हौस म्हणून विमान चालवायचंय? सातारा-सांगलीकरांसाठी पीपीएलची कागदपत्रं आणि प्रक्रिया

स्वतःच्या हौसेसाठी छोटं विमान चालवायचं तर पीपीएल, म्हणजे प्रायव्हेट पायलट लायसन्स लागतं. त्याला बारावी सायन्स हवं, हा आपल्याकडचा पक्का गैरसमज. फिजिक्स-मॅथ्सची भानगड व्यावसायिक लायसन्सची. पीपीएलला दहावी पास पुरतं. वय १७ पूर्ण हवं. त्याआधीचं शिकाऊ लायसन्स, एसपीएल, १६ व्या वर्षीही निघतं. चाळिशी उलटली असली तरी अडत नाही, मेडिकल तेवढी पास व्हायला हवी.

गाडी अडते ती नावावर. दहावीच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी. त्यात आपल्या भागात वडिलांचं नाव एका कागदावर ‘भाऊसो’, दुसऱ्यावर ‘भाऊसाहेब’. तलाठ्याला आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला दोन्ही चालतात, डीजीसीएच्या, म्हणजे लायसन्स देणाऱ्या केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या ऑनलाइन अर्जाला नाही. दहावीची मार्कलिस्ट प्रमाण धरा, आधार, पॅन आणि पासपोर्ट तिच्याप्रमाणे अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद जवळ ठेवा. मार्कलिस्टची बोर्डाकडून पडताळणी लागली तर सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे कोल्हापूर विभागीय मंडळात येतात. पुण्याला हेलपाटा घालू नका. हे सगळं विमान शिकवणाऱ्या संस्थेत पैसे भरायच्या आधी उरका.

दुसरं काम क्लास टू मेडिकल, म्हणजे पीपीएलसाठी लागणारी वैद्यकीय तपासणी. नेहमीच्या फॅमिली डॉक्टरचं सर्टिफिकेट चालत नाही, डीजीसीएच्या यादीतलेच डॉक्टर लागतात. डोळे, कान, बीपी, ईसीजी, रक्त-लघवी, सगळं बघतात. चष्मा असला म्हणून नापास करत नाहीत. रंग ओळखण्यात दोष असेल तर मात्र तो आधीच कळलेला बरा. म्हणूनच मेडिकल आधी, फी नंतर. संस्थेचा माणूस ‘आधी ॲडमिशन घेऊन टाका, मेडिकल काय होतंच’ म्हणाला, तर चहा पिऊन परत या.

संस्था निवडताना ती डीजीसीएमान्य आहे आणि मान्यता आजच्या तारखेला चालू आहे, एवढं यादीत तपासा. कराडची धावपट्टी कोयना धरणाच्या कामासाठी १९५५ च्या सुमारास झाली, पण गावाजवळ धावपट्टी आहे म्हणून शिक्षणही तिथेच मिळेल असं नाही. साताऱ्याहून फलटणमार्गे बारामती गाठता येते, तिथे बरीच वर्षं प्रशिक्षण चालतं. ताशी दरात इंधन धरलंय का, विमान बंद पडून राहिलं तर पैशांचं काय, हे लेखी घ्या.

एसपीएलसाठी संस्थेतच तोंडी परीक्षा होते. ते हातात आल्याशिवाय एकट्याने उड्डाण नाही. पुढे किमान ४० तास उड्डाण. त्यात २० तास एकट्याने, आणि त्यातलेच ५ तास क्रॉस-कंट्री, म्हणजे एका विमानतळावरून दुसरीकडे. त्यात एक फेरी किमान १५० नॉटिकल मैलांची, साधारण २७८ किलोमीटर. वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण थांबायचं. तास विस्कळीत होऊ देऊ नका, अर्जाच्या आधीच्या १२ महिन्यांत किमान १० तास झालेले असावे लागतात. जून ते सप्टेंबर सह्याद्रीच्या बाजूला ढग इतके खाली येतात की शिकाऊ विमान दिवसच्या दिवस शेडमध्येच उभं राहतं. नोकरी-धंदा सांभाळून शिकणाऱ्याने ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरुवात करावी. लॉगबुकातली, म्हणजे उड्डाणांच्या वहीतली प्रत्येक नोंद त्याच दिवशी लिहा आणि प्रशिक्षकाची सही तिथल्या तिथे घ्या. प्रशिक्षक संस्था बदलून गेला की त्या सहीसाठी फिरावं लागतं.

डीजीसीएच्या लेखी परीक्षेसाठी आधी कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षार्थीचा ओळख क्रमांक काढायचा. पास व्हायला ७० टक्के लागतात. हवाई नियम, दिशादर्शन आणि हवामान एवढ्यावर भागत नाही, विमानाच्या तांत्रिक माहितीचाही पेपर असतो. रेडिओवर बोलण्याचं लायसन्स वेगळं, त्याची तयारी सोबतच सुरू करा.

शेवटी उड्डाण चाचणी झाली की डीजीसीएच्या ई-जीसीए पोर्टलवर अर्ज. दहावीचं प्रमाणपत्र, चालू मेडिकल, एसपीएल, लेखी परीक्षेचा निकाल, चाचणीचे अहवाल, संस्थेने प्रमाणित केलेलं लॉगबुक, फोटो, सही आणि फी भरल्याची पावती लागते. मोबाईलने वाकडातिकडा फोटो काढून लॉगबुक चढवू नका, स्कॅन करा.

लायसन्स मिळाल्यावर बायकोला, मित्राला शेजारी बसवून नेता येतं. कारखान्याच्या चेअरमनना पैसे घेऊन मुंबईला सोडता येत नाही. त्याला व्यावसायिक लायसन्स लागतं.